शरफूची खांड

कोंडखारच्या बांधाला सरकारी अनुदान मंजूर झालं, ही बातमी कोंडखारात पोचायच्या आधी शारजाच्या रोल्ला भागात पोचली. त्यात नवल काही नाही. गावातले हातपाय चालणारे बाप्ये निम्म्याहून जास्त आखातात, आणि अर्ज, निवेदनं, आमदाराच्या माणसाची मनधरणी हे सगळं गावचे म्होरके मुकादमचाचा यांनी रोल्लातल्या आपल्या कार्गोच्या दुकानात बसून फोनवरून हाकलं होतं. रायगडच्या खाडीकाठचं ते गाव, पण त्याचा कारभार खोक्यांच्या आणि चिकटपट्टीच्या गठ्ठ्यांमधून चालायचा.

अनुदान तसं छोटंच होतं. खाडीच्या अंगाला दगड आणि शेतातलं पाणी बाहेर सोडणाऱ्या उघाडीला नवं दार, एवढंच त्यात बसणार होतं. आतल्या अंगाची चिकणमाती गावाने आपल्या हाताने घालायची, घरटी एक माणूस, अशी सरकारची अट होती. गावाची रीतही तीच होती. प्रत्येक घराची बांधावर एक पट्टी ठरलेली. आजोबापासून नातवाकडे ती येते, जमिनीसारखी. घरचं कोणी नसेल तर बदलीचा माणूस लावला तरी चालतं, पण पट्टीचं नाव घराचंच राहतं. आणि पट्टीत बांध फुटून खांड पडली, तर त्या खांडीलाही घराचंच नाव लागतं.

काझींची खांड पडली तेव्हा हमीद रांगत होता. ती कधीच बुजवली गेली, वर गवत उगवलं, तरी काझींच्या पोरीला स्थळ आलं की समोरचे विचारतात, "ते खांडवाले काझी का?" कोंडखारात माणूस विसरतात, खांड विसरत नाहीत.

हमीदला ही बातमी लाँचवर कळली. फुजैराच्या बंदराबाहेर तेल भरून घ्यायला जहाजं नांगर टाकून उभी असतात. त्यांना भाजीपाला, सुटे भाग आणि बदलीचे खलाशी नेऊन देणाऱ्या लाँचवर तो सारंग, म्हणजे लाँच हाकणारा, होता. गावी सत्तरी ओलांडलेले अब्बा एकटे. धाकटा भाऊ अर्सलान अल ऐनला युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात, एसीत बसून गोरागोमटा झालेला. बहीण महाडला दिलेली. म्हणजे घरटी माणूस म्हटलं की बोट हमीदकडेच वळणार होतं.

संध्याकाळी अब्बांचा फोन आलाच.

"कोण येतंय?"

"मी येतो, अब्बा."

"नक्की सांग. नाहीतर मी उतरतो."

"तुम्ही चिखलात उतरायचं नाही."

"मग ये," अब्बा म्हणाले आणि फोन ठेवला. शरफुद्दीन हा माणूस आयुष्यात कधी फोनवर चार वाक्यांच्या पुढे गेला नव्हता.

सुट्टी मिळवायची तर बदली हवी. दुसऱ्या लाँचचा सारंग दत्तप्रसाद वेंगुर्ल्याचा. त्याच्या आईचं वर्षश्राद्ध एप्रिलात होतं. दोघांनी सौदा केला. एप्रिलात दत्तप्रसादची ड्युटी हमीदने मारायची, मेमध्ये हमीदची दत्तप्रसादने. एका किनाऱ्यावरची माणसं, कागदबिगद लागला नाही.

त्या एप्रिलात हमीद फुजैरातल्या घरी फक्त अंग टाकायला यायचा. आपली पाळी संपली की दत्तप्रसादची लाँच सुरू. ऊन अजून पुरतं तापलं नव्हतं, तरी दुपारी लोखंडी कठड्याला हात लावला की कातडी ओढली जायची. सुकाणूला तो ओलं फडकं गुंडाळायचा, ते बघता बघता वाळायचं आणि पुन्हा भिजवावं लागायचं. खाऱ्या वाऱ्याने ओठ फुटले. जांघांत घामोळं आलं, चालताना तो फेंगडा चालायला लागला. त्याची बायको जहांआरा रात्री त्याच्या पाठीला खोबरेल चोळायची आणि म्हणायची, "तिकडे बांध घालायच्या आधी इकडेच तुमचा बांध फुटेल." तो हसायचा. गावी जायचं ठरलं की माणसाला अंगदुखीसुद्धा कौतुकाची वाटते.

त्या दिवसांत एका जहाजावर त्याला तेबुका भेटला. जहाजावरचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम. काळासावळा, रुंद छातीचा, किरिबास नावाच्या बेटांवरचा. ती बेटं नकाशात माशी बसल्याएवढी आहेत, असं त्यानेच हसत सांगितलं. क्रेन बंद पडली होती म्हणून लाँच जहाजाला लागून थांबली होती. दोघेही मोडक्या इंग्रजीत बोलत होते. हमीदने बांधाचं सांगितलं तसा तेबुकाने डोळे बारीक केले. त्यांच्याही बेटावर सरकारची छोटी ग्रँट आली होती, समुद्राकडच्या भिंतीला. सिमेंट सरकारचं, हात गावाचे. घरटी एक माणूस.

"मग तुझ्या घरचं कोण?" हमीदने विचारलं.

"माझी बायको," तेबुका म्हणाला. "मी समुद्रावर असतो. हजेरीला तिचं नाव पुकारतात. आता मी घरी गेलो तरी तिचंच पुकारतात."

हमीदने ही गोष्ट घरी येऊन रंगवून सांगितली. लायबाला ती फार आवडली. लायबा त्याची मुलगी, बारावीला गेलेली, फुजैरातच वाढलेली. तिने फोनवर ती बेटं शोधून काढली आणि म्हणाली, "पप्पा, दे आर लिटरली अॅट सी लेव्हल." हमीद म्हणाला, "आपलं कोंडखार त्याच्याही खाली आहे. बांध आहे म्हणून गाव आहे."

दत्तप्रसाद गावाहून परत आला, हमीदसाठी काजू घेऊन. हमीदचं तिकीट झालं. आणि जायच्या तोंडावर एका तेलकट शिडीवरून दत्तप्रसादचा पाय घसरला. लाँच आणि जहाज यांच्यामध्ये गेला असता तर चटणीच झाली असती. नशीब बलवत्तर म्हणून नुसतं मनगट मोडलं. हमीद त्याला बघायला गेला तेव्हा तो प्लास्टरातला हात छातीशी धरून बसला होता.

"हमीद, मी तुझो घात केलंय," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? जीव वाचला ते बघ."

तोंडाने असं म्हणाला खरा, पण लिफ्टमध्ये उभं राहिल्यावर हमीदला रडू आल्यासारखं झालं. सुपरवायझरने फाइलमधून मान वर न करता सांगितलं, "हमीदभाई, दो सारंग एकसाथ नहीं छोड़ सकता. जून के बाद देखेंगे." जूननंतर बांधाला मातीही लागत नाही आणि माणूसही. तेव्हा असतो फक्त समुद्र.

घरी जहांआरा ओट्याशी बांगडे साफ करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाली, "मी जाते."

"कुठे?"

"बांधावर. माझं माहेर खाडीच्या पलीकडच्या काठाला आहे, विसरलात का? मी चिखल तुडवलेला आहे. ओहोटीला बांधाच्या पायथ्याशी उभं राहून तळपायाने कुर्ल्यांची बिळं कशी शोधायची, ते मला येतं."

"बाईमाणूस बांधावर?"

"पप्पा, युअर ओन स्टोरी," लायबा आतून म्हणाली. "द बोसन्स वाइफ. यू लव्ड इट."

"ते बेट आहे. हे कोंडखार आहे. दोन कमावते भाऊ आखातात बसले आणि बायकोला चिखलात घातली म्हणतील."

"जस्ट लेट मम्मा गो."

"लायबा, तू अभ्यास कर."

जहांआराने सुरी उचलली आणि पुढचा बांगडा घेतला. हमीदला तेव्हा वाटलं की आपण घराची अब्रू राखली. माणूस अब्रू राखायला निघाला की हमखास चुकीच्या दारावर पहारा देतो.

रात्री अर्सलानचा फोन आला. त्याने सगळं ठरवूनच फोन केला होता.

"भाई, टेन्शन कशाला घेतोस? बदलीचा माणूस लावू. दिवसाला दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये म्हटलं तर नाचत येईल. डोंगराकडचा एक आहे, मी बोललोय."

"अब्बा ऐकायचे नाहीत. बदलीचा बघितला तर स्वतः चिखलात उतरतील."

"म्हणून तर म्हणतो. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय ना? त्याच आठवड्यात ताईकडे महाडला नेऊन करून टाकू. पावसाचा जोर ओसरेपर्यंत राहतील तिथेच. त्यांना फक्त सांग, तू येतोयस. नाहीतर हलणार नाहीत ते."

"खोटं सांगू?"

"अरे, त्यांच्या भल्याचंच आहे. या वयात कंबरभर चिखलात उतरून काही झालं तर? आपण दोघंही इथे. मातीला तरी पोचू का?"

हे शेवटचं वाक्य हमीदला लागलं. आखातातल्या कुठल्याही माणसाला ते लागतं. बापाच्या मातीला न पोचलेले किती जण रोल्लात रोज भेटायचे. तो हो म्हणाला.

अब्बांना त्याने दुसऱ्या दिवशी लाँचवरून फोन केला. घरून करायचं धाडस झालं नाही, जहांआराने ऐकलं असतं.

"अब्बा, तुम्ही निर्धास्त ऑपरेशन करून घ्या. मी येतोय."

"येताना जुनी विजार आण. नवी फाडशील," अब्बा म्हणाले. "आणि आपल्या पट्टीतल्या तिवराच्या खोडाखाली पाय लावून बघ. तिथं खालून पाणी झिरपतं. तुला लहानपणी कुर्ली चावली होती ती जागा. डोळ्याने दिसायचं नाही, पायानेच बघ."

एवढं लांब ते पहिल्यांदाच बोलले होते. मुलगा येणार म्हणून म्हातारा खूश होता. हमीदने "बघतो" म्हटलं आणि फोन बंद केला.

अब्बा महाडला गेले आणि बांधावर काम लागलं. बदलीचा माणूस चांगला होता, कामचुकार नव्हता. टोपल्यामागून टोपली माती टाकत होता. जेवणाच्या सुट्टीत हमीदने त्याला व्हिडिओ लावला. छोट्याशा पडद्यावर घरची पट्टी हलत होती, ओल्या मातीवर ऊन चकाकत होतं. पलीकडे गावातले इतर लोक वाकलेले दिसत होते. मागून कोणीतरी विचारलं, "कोण, हमीद आहे काय? विचार त्याला, एसीत बरा आहे ना?" आणि चार जण हसले. हमीद त्या वेळी लाँचच्या टपाच्या वीतभर सावलीत उकिडवा बसला होता. घाम कोपरावरून फोनवर गळत होता.

"शेठ, बघा, कसं बसवलंय," माणूस म्हणाला. त्याने शेठ म्हटल्यावर हमीदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चांगलं आहे. जरा खाली दाखव. तिवराचं खोड दिसतंय का? त्याच्याखाली–"

एवढ्यात रेडिओ खरखरला. "लाँच थ्री, यल्ला, यल्ला, जहाज वेटिंग." हमीदने "करतो परत" म्हटलं आणि सुकाणू धरलं.

त्या दिवशी परत फोन झाला नाही. पाळी संपली तेव्हा माणसाचा फोन बंद लागत होता. दुसऱ्या दिवशी लागला तेव्हा तो निघायच्या तयारीत होता.

"झालं, शेठ. वरून पक्कं केलंय. फोटो टाकलाय बघा."

"तिवराखाली बघितलं का? खालून?"

"आता खाली भरतीचं पाणी आहे. ओहोटी व्हायला सांज पडेल, आणि मला दुसऱ्या कामावर पोचायचंय. गरज असेल तर दोन दिवसांनी येतो."

हमीदने फोटो बघितला. पट्टी सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत दिसत होती. शेजारच्या पट्टीवाल्याला सांगितलं असतं तर त्याने पाय लावून बघितलं असतं. पण मग रोल्लापर्यंत बोंब झाली असती की शरफूच्या पोराला पैसे टाकूनही काम जमलं नाही, दुसऱ्याचे पाय लागले. त्याच्या डोळ्यांवर झोप होती. पुढचं जहाज भोंगा देत होतं.

"बरं दिसतंय," तो म्हणाला. "खलास."

जून अर्धा सरला. आता दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवायचा सरकारी नियम होता, तरी त्याआधी आणि त्यानंतर ऊन काही माणसाची ओळख ठेवत नव्हतं. दत्तप्रसादच्या हाताचं प्लास्टर निघालं नव्हतं, त्यामुळे दोन्ही लाँचचा भार हमीदवरच. समुद्रावरून वाफ निघायची. पाण्याच्या बाटलीतलं पाणी चहासारखं गरम. पण कामाच्या नादातही पाय कुठे टेकला की त्याला तिवराचं खोड आठवायचं. रात्री अंथरुणावर तो तळपाय गादीवर दाबून बघायचा. जहांआराने एकदा विचारलं, "काय शोधताय?" तो म्हणाला, "काही नाही, गोळा येतो."

आषाढातल्या अमावास्येला मोठं उधाण आलं आणि कोंडखारचा बांध फुटला.

रोल्लाच्या ग्रुपवर पहाटेपासून व्हिडिओ यायला लागले. कोणाचाही आवाज नाही, नुसता पाण्याचा. नवीन लावलेल्या भाताच्या रोपांवरून खाडीचं मातकट पाणी पसरत चाललं होतं, आणि मधोमध, तिवराच्या खोडापाशी, बांधाला बैलगाडी जाईल एवढी वाट झाली होती. खोड आडवं पडलं होतं. हमीदने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. मग फोन जहांआरापुढे ठेवला आणि तिला सगळं सांगितलं, अब्बांना मारलेल्या थापेपासून ते खलास म्हणण्यापर्यंत.

तिने व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग हळूच म्हणाली, "मी पायाने बघितलं असतं."

एवढंच. पुन्हा तिने हा विषय काढला नाही. काढला असता तर हमीदला बरं वाटलं असतं.

विहिरी मचूळ झाल्या. बायका टेकडीवरच्या वस्तीवरून पाणी वाहायला लागल्या. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन पावसाळे तरी भात होत नाही. सरकारी माणूस आला, फोटो काढून गेला. दगडी काम शाबूत आहे, फुटली ती गावाने घातलेली माती, असं त्याने लिहून घेतलं. त्याच कामाला पुन्हा अनुदान मिळायचं नाही, हेही जाता जाता सांगून गेला. मुकादमचाचांनी कितीतरी वर्षं फोनवर घासलेली जीभ एका भरतीत वाया गेली.

अब्बांचा फोन दोन दिवसांनी आला. ते महाडहून गावी परतले होते. हमीदने फोन उचलला.

"गाव बसलं होतं मशिदीपुढे," अब्बा म्हणाले. "मी सांगितलं. महाडला जायच्या आदल्या दिवशी मीच त्या माणसाला पट्टी दाखवली. तिवराखालचं भोक बुजलेलं आहे, हात लावू नको, असं मीच म्हटलं."

"अब्बा, तुम्ही तर त्याला बघितलंसुद्धा नाही."

"तुला कोणी विचारलं?"

"चूक माझी आहे. मी खोटं बोललो तुमच्याशी."

"ते माहीत आहे मला. मी महाडच्या खाटेवर पडलो होतो तेव्हाच ओळखलं. येणारा माणूस विजारीबद्दल काहीतरी बोलतो." ते खोकले. "ऐक. तुम्हाला दोघांना कधीतरी परत यायचंय. लायबाचं लग्न व्हायचंय. मला काय, फक्त कबरस्तानात जायचंय. खांड माझ्या नावाने राहू दे. मी सांगून टाकलंय, हमीदची नाही, माझी म्हणा. आता तू तोंड उघडायचं नाहीस."

हमीद रडायला लागला. लाँचवरच्या पोरांनी मान फिरवली. आखातात असं चालतं, कोणी फोनवर रडायला लागला की बाकीचे समुद्र बघतात.

दोन आठवडे हमीदने तोंड उघडलं नाही. मग रविवारी रोल्लात गावकऱ्यांची जमात बसली. कार्गोच्या दुकानामागच्या खोलीत, सतरंजीवर, वीस-पंचवीस माणसं. पावसाळा संपला की सगळ्यांनी मिळून खांड बुजवायची, हा विषय होता. अनुदान नाही, म्हणजे माती-दगड-माणूस सगळं गावाचंच. अर्सलान अल ऐनहून आला होता, इस्त्रीच्या शर्टात. तो हमीदच्या शेजारी बसला, पण गुडघा गुडघ्याला लागू नये असा.

मुकादमचाचा एकेका घराचं नाव घेत होते आणि ज्याचा त्याचा माणूस "आहे" म्हणत होता. हमीदचं घर कुठे आलंच नाही. तो थांबला. सगळी घरं संपली.

"चाचा, आमचं राहिलं."

"राहिलं नाही, बाबा," मुकादमचाचा सावकाश म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. "तुमची पट्टी आता शेजारची दोन घरं वाटून घेणार आहेत. गावाने ठरवलंय. तुमच्या घरचा माणूस नको."

"मी येतो. नोकरी गेली तरी येतो."

"तुझं काही नाही रे. पण म्हाताऱ्याचा भरवसा राहिला नाही. कशाला उगाच."

मागून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "एक डोळा मिटलेला, दुसरा मिटायला आलेला. त्याने बांध दाखवला आणि बदलीवाल्याने घातला." दोघे-तिघे हसले. वाईट हसले नाहीत, सवयीने हसले. एका कोपऱ्यात नवीनच व्हिसावर आलेला गावचा माणूस शेजाऱ्याला विचारत होता, "म्हणजे शरफूची खांड म्हणतात ती यांचीच ना?"

हमीद उठला. अर्सलानने त्याची बाही धरली. "भाई, बस. अब्बांनी सांगितलंय ना." हमीदने बाही सोडवून घेतली.

"अब्बा बांधावर नव्हते," तो म्हणाला. "त्यांनी त्या माणसाला बघितलंही नव्हतं. मी येतो असं खोटं सांगून आम्ही त्यांना महाडला पाठवलं. तिवराखाली पाय लावून बघ, असं त्यांनी मला बजावलं होतं. मी बघायला लावलं नाही. फोटो बघितला आणि खलास म्हटलं. माझी बायको जाते म्हणाली, तिलाही जाऊ दिलं नाही. अब्बा उतरले असते तर खांड पडली नसती. नाव माझं लावा."

अर्सलानने मान खाली घातली होती. मुकादमचाचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली.

"बोललास ते बरं केलंस," ते म्हणाले. "पण हमीद, नाव लागून गेलं. तुझ्या बापाने मशिदीपुढे स्वतःच्या तोंडाने लावून घेतलं. आता पोरं म्हणतात, बायका पाण्याला जाताना म्हणतात. आम्ही इथून काय सांगणार, आणि कोणाकोणाला? लागलेलं नाव निघत नाही. काझी अजून वाट बघतायत."

"मग पट्टी तरी द्या."

मुकादमचाचांनी बाकीच्यांकडे बघितलं. कोणी वर बघितलं नाही. हमीदला उत्तर समजलं.

बाहेरून बिर्याणीचे थाळे आले. चार चार जणांत एक थाळा. ज्याच्या त्याच्या थाळ्याभोवती माणसं सरकली. हमीद आणि अर्सलान यांच्या थाळ्याशी तिसरं कोणी आलं नाही. मुकादमचाचांच्या ते लक्षात आलं असावं, कारण ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि येऊन बसले, पण त्यांनी हातात फक्त लिंबाची फोड घेतली.

हमीदचा फोन वाजला. अब्बा होते. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा त्यांचा आवाज मोठा होता. ऑपरेशन डोळ्याचं झालं, पण कानाने ते कधीचेच बहिरे व्हायला लागले होते.

"जमात झाली का?"

"झाली."

"काही बोललास तर नाहीस ना?"

हमीदने समोर बघितलं. आजूबाजूच्या थाळ्यांवरचे हात थांबले होते.

"नाही, अब्बा," तो म्हणाला.

"शाब्बास. जेवलास का?"

"जेवतोय."

त्याने फोन उलटा करून सतरंजीवर ठेवला आणि भातात हात घातला.